प्रेरणा, ऋण आणि रद्दी : आकृतिप्रधान चित्रकला, बोधचित्र आणि समीक्षेचे मौन

१

समकालीन चित्रकलेविषयीच्या आपल्या बोलण्या-लिहिण्यात ‘प्रेरणा’ हा शब्द इतक्या सैलपणे वावरतो की, त्याचा अर्थ विचारणे हेच काहीसे अरसिकपणाचे वाटावे. प्रदर्शनाच्या पत्रिकेत चित्रकार अमुक परंपरेपासून आपण प्रेरणा घेतल्याचे लिहितो. कलाशाळेतील अध्यापक विद्यार्थ्यांना भरपूर चित्रे पाहण्याचा आणि प्रेरणा घेण्याचा उपदेश करतो. समीक्षक परिचयलेखात चार प्रेरणास्थानांची यादी देतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. कोणी, कोणापासून, नेमके काय घेतले आणि घेतल्यानंतर त्याचे काय केले, हे प्रश्न या तिन्ही ठिकाणी उपस्थितच होत नाहीत. ‘प्रेरणा’ हा शब्द ते उपस्थित होऊ देत नाही. तो उच्चारला की चौकशी थांबते.

हे मौन सर्वाधिक घातक ठरते ते आकृतिप्रधान चित्रकलेच्या आणि बोधचित्रांच्या बाबतीत. आकृतिप्रधान चित्रकला म्हणजे जिच्यात मनुष्य, त्याचे शरीर, त्याचा परिसर ओळखता येतो ती. आणि बोधचित्र म्हणजे कथा, कविता, लेख यांच्या सोबतीने छापले जाणारे, त्यांच्याशी बांधिलकी असलेले चित्र. या दोहोंतील आकृती उचलण्यास सोपी असते. चेहऱ्याची ठेवण, बसण्याची ढब, बाह्यरेषेचे वळण या गोष्टी पानावरून अलगद सुटून दुसऱ्या पानावर जाऊन बसतात. म्हणूनच येथे ‘प्रेरणा’ या शब्दाची चिकित्सा अधिक कठोरपणे व्हावयास हवी होती. ती झाली नाही, आणि त्याचा दोष चित्रकारांपेक्षा समीक्षेकडे अधिक जातो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

या मौनाला आपल्याकडे एक सैद्धांतिक पूर्वपीठिका आहे. बा. सी. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या आधारे जो सौंदर्यविचार मांडला, त्याने मराठी समीक्षेला चित्राकडे पाहण्याची शिस्त दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. रंग-रेषांतील संवाद, विरोध आणि समतोल यांकडे आपले लक्ष गेले ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे. परंतु याच विचाराच्या छायेत चित्रातील ‘गोष्ट’ ही चित्रबाह्य, म्हणून गौण, अशी धारणा रुजली. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाव्यवहाराला लौकिकाचाही एक ध्रुव असतो हे साक्षेपाने दाखवून दिले, तरीही बोधचित्राला त्याचा लाभ झाला नाही. कारण बोधचित्र दुहेरी अपराधी ठरले होते. ते गोष्ट सांगते हा पहिला अपराध, आणि ती गोष्टही दुसऱ्याची असते हा दुसरा.

परिणामी आपण त्याला ‘सजावट’ म्हणू लागलो. मासिकाच्या श्रेयनामावलीत ‘सजावट’ या शब्दापुढे एक नाव येते आणि साहित्याच्या इतिहासात तेही येत नाही. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केले. रघुवीर मुळगावकरांच्या (१९१८–१९७६) चित्रांनी मध्यमवर्गीय घरांच्या भिंती आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे व्यापली. मराठी वाचकाच्या मनातील नायिका, देवता, शिवकाल, खेडे यांच्या प्रतिमा घडविण्यात या दोघांचा वाटा कोणत्याही लोकप्रिय कादंबरीकाराइतका मोठा आहे. तथापि कादंबरीकारांवर प्रबंध सिद्ध होतात आणि या प्रतिमांवर स्मरणरंजनपर लेख येतात. ‘ललित’ मासिकातील ठणठणपाळ हे जयवंत दळवींचे लेखननाम. पण त्याला चेहरा दिला तो वसंत सरवटे यांच्या रेषेने. त्या सदरातील उपरोध शब्दांत किती आणि रेषेत किती, याची फोड करावी असे वाङ्मयसमीक्षेला क्वचितच वाटले. सरवटे यांना ‘रेषालेखक’ म्हटले गेले ते यथार्थच होते. पण लेखक म्हणून त्यांचे वाचन करण्याची जबाबदारी त्या विशेषणाबरोबर आपल्यावर आली होती, ती आपण टाळली.

ज्या गोष्टीची समीक्षा होत नाही तिचे ऋणही नोंदले जात नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. चित्रकार सेझानपासून प्रेरणा घेतल्याचे अभिमानाने सांगतो. तेच वळण त्याने लहानपणी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून घेतले असेल, तर ते सांगत नाही. कारण पहिल्याने प्रतिष्ठा वाढते आणि दुसऱ्याने घटते, ही श्रेणी समीक्षेनेच तयार केलेली आहे.

३

ही श्रेणी अपरिहार्य नव्हती. १९८१ मध्ये मुंबई आणि दिल्ली येथे भरलेल्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनाने ती मोडता येते हे दाखवून दिले होते. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, नलिनी मलानी आणि सुधीर पटवर्धन या सहा चित्रकारांनी मनुष्याला आणि त्याच्या गोष्टीला चित्राच्या मध्यभागी परत आणले. सोबतच्या निबंधात गीता कपूर यांनी मानवाकृतीविषयी उघडपणे पक्ष घेतला. त्या काळी प्रतिष्ठेचे स्थान मिळविलेल्या अमूर्त चित्रकलेला दिलेले ते उत्तर होतेच. पण आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, या चित्रकारांपैकी काहींनी आपली ऋणे लपविली नाहीत.

खख्खर (१९३४–२००३) व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ (१९७२) या चित्रात त्यांनी घड्याळ दुरुस्त करणाऱ्या सामान्य कारागिराला त्याच्या दुकानासह चितारले. दुकानाची पाटी, कॅलेंडरावरील देवादिकांचे सपाट भडक रंग, कंपनी शैलीतील व्यवसायदर्शक चित्रे, हे सारे त्यांच्या या काळातील चित्रांत ओळखू येते आणि ओळखू यावे अशीच त्यांची इच्छा दिसते. कॅलेंडरचित्राचा बाजारी गोडवा जसाच्या तसा ठेवून त्यांनी तो ज्याच्या वाट्याला कधीच आला नव्हता अशा माणसाभोवती पसरला. देवाची चौकट घड्याळजीला मिळाली. घेतलेल्या वस्तूचा अर्थ घेण्याच्या कृतीमुळेच बदलला, आणि तो बदल प्रेक्षकाला कळण्यासाठी मूळ वस्तू त्याच्या नजरेसमोर असणे आवश्यक होते. येथे ऋण उघड करणे हा केवळ नैतिक सौजन्याचा भाग राहत नाही. तो चित्राच्या आशयाचाच घटक होतो.

सुधीर पटवर्धनांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या या चित्रकाराने ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०) यांसारख्या चित्रांतून मुंबई-ठाण्याच्या कष्टकरी माणसाचे शरीर मराठी मुलुखातील चित्रकलेत ठामपणे आणून बसविले. घनाकारांतून शरीर उभे करण्याचा सेझानचा धडा त्यांनी घेतला. पण सेझानचे सफरचंद घेतले नाही. पद्धत घेतली आणि ती लोकलच्या डब्यात उभ्या असलेल्या माणसाला लावली. पद्धत घेणे आणि दिसणे घेणे यांतील हा भेद, ‘प्रेरणा’ हा एकच शब्द दोहोंना लावल्यामुळे आपल्या हातून निसटला आहे.

४

हा भेद मांडण्यासाठी परक्या परिभाषेकडे धाव घेण्याची गरज नाही. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात आनंदवर्धनाने दोन कवींच्या रचनांतील साम्याचा विचार करताना तीन प्रकार सांगितले आहेत. पहिले साम्य प्रतिबिंबासारखे : त्याला स्वतःचा आत्माच नसतो. दुसरे आलेख्यासारखे, म्हणजे एखाद्या वस्तूच्या चित्रासारखे : त्याला आत्मा असतो, पण तुच्छ. तिसरे दोन सदृश देहधारी व्यक्तींसारखे : चेहरे मिळतेजुळते असले तरी प्रत्येकाचा प्राण स्वतंत्र असतो. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. दुसऱ्या प्रकाराला उपमान म्हणून ‘चित्र’च निवडले गेले, यात चित्र म्हणजे वरवरचे दिसणे हा पूर्वग्रह डोकावतो, आणि तो आपण स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु ही त्रयी आजच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते. दुसऱ्याची आकृती जशीच्या तशी उतरविणे हे प्रतिबिंब. माध्यम आणि विषय बदलून केवळ तिची ‘शैली’ उचलणे हे आलेख्य. आणि खख्खरांचा घड्याळजी हा तुल्यदेही. आपल्याकडे आज प्रेरणा या नावाने जे प्रशंसिले जाते, त्याचा बराच मोठा भाग दुसऱ्या प्रकारात मोडतो.

यावर एक प्रतिवाद संभवतो, आणि तो भारतीय परंपरेतूनच येतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हरणाचे सविस्तर विवेचन करताना असे मिस्कील विधान केले आहे की, चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा व्यापारीही नाही, ज्याला लपविता येते तोच निंदेवाचून सुखाने नांदतो. मग ऋण उघड करण्याचा हा आग्रह रोमँटिक युरोपातून आलेल्या मौलिकतेच्या कल्पनेचे ओझे तर नव्हे? आधुनिकोत्तर विचाराने प्रभावित झालेले आपले काही अभ्यासकही हाच मुद्दा निराळ्या भाषेत मांडतात. प्रत्येक संहिता इतर संहितांनी विणलेली असते. बार्थने लेखकाचा मृत्यू १९६७ मध्येच घोषित केला. मग मालकीची ही पोलिसी चौकशी कशासाठी?

या प्रतिवादाचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, आंतरसंहितेची संकल्पना धागे मोजण्यास सांगते, मिटविण्यास नव्हे. कोणती संहिता कोणत्या संहितेत कशी वावरते याचा शोध घेण्याऐवजी ‘सारेच विणलेले आहे’ असे म्हणून हात झटकणे, हा त्या संकल्पनेचा उपयोग नसून तिची विटंबना होय. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. राजशेखराचा कवी ज्या गोष्टीत काव्य वाचतो, तेथील श्रोत्यांना पूर्वकवी मुखोद्गत असतात. तेथे लपविणे हा जाणत्यांसमोर मांडलेला खेळ आहे. लपविलेले शोधून काढण्यात रसिकाचा अर्धा आनंद आहे. निगूहन तेथे संपूर्ण होऊच शकत नाही, कारण मूळ श्लोक सुरक्षित असतो.

बोधचित्राची स्थिती नेमकी उलटी आहे. मासिक वाचून झाले की रद्दीत जाते. मूळ रेखाटन छापखान्यातून परत येतेच असे नाही. आले तरी त्याला संग्रहालयात जागा नसते. जुन्या अंकांचे जतन करणारी ग्रंथालये मजकुराची सूची करतात, चित्रांची क्वचितच. म्हणजे जे घेतले गेले ते कोठून घेतले हे दाखविण्यास पुरावाच उरत नाही. जेथे मूळ जिवंत आहे तेथे लपविणे ही कला ठरू शकते. जेथे मूळ नष्ट होत आहे तेथे तेच लपविणे दुसऱ्याचे अस्तित्व पुसून टाकणे ठरते. राजशेखराचा न्याय रद्दीच्या दुकानात लागू पडत नाही.

५

ज्यांचे नाव निदान श्रेयनामावलीत होते त्यांची ही कथा. ज्यांचे नाव कोठेच नव्हते त्यांची याहून विदारक आहे. वारली चित्रातील दोन त्रिकोणांनी जोडलेली मानवाकृती आज चहाच्या कपापासून विमानतळाच्या भिंतीपर्यंत सर्वत्र दिसते, आणि तिच्याखाली ‘वारली कलेपासून प्रेरित’ एवढाच उल्लेख असतो. मुळात ही आकृती लग्नाच्या वेळी सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेल्या चौकाच्या परिसरात वावरणारी. त्या चौकात पालघट देवी असते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकाराच्या प्रयत्नांमुळे ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) हे नाव जगाला ठाऊक झाले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. एक नाव मिळाले, ही गोष्ट मोठीच आहे. परंतु भिंती रंगविणाऱ्या स्त्रिया निनावीच राहिल्या, आणि ‘प्रेरणा’ या शब्दाने ते निनावीपण कायमचे केले. समूहापासून घेतले म्हणजे कोणापासूनच घेतले नाही, असा या शब्दाचा येथे सोयीस्कर अर्थ होतो.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला ‘भीमायन’ (२०११) आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आलेले अस्पृश्यतेचे अनुभव येथे चित्रांतून मांडले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. चित्रकथेच्या रूढ चौकटी व्यामांनी नाकारल्या. माणसांना खोक्यांत कोंडणे त्यांना मान्य नव्हते. त्याऐवजी भिंती आणि अंगण यांवर काढल्या जाणाऱ्या ‘डिग्ना’ नक्षीने त्यांनी पाने मोकळेपणी विभागली. विषारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकाराच्या फुग्यात आले आणि मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात. पाणी नाकारले गेल्याची गोष्ट सांगताना पान कसे दिसावे, याचा निर्णय चित्रकारांनी केला, आणि त्या निर्णयातून अर्थ निष्पन्न झाला. याला सजावट म्हणणे हा शब्दाचा अपमान ठरेल. हे भाष्य आहे, आणि भाष्याचे मूल्यमापन जसे करावयाचे तसेच याचेही करावयास हवे. या कृतीपासून एखाद्या तरुण चित्रकाराला खरोखर काही शिकावयाचे असेल, तर त्याने व्यामांचे ठिपके आणि रेघा उचलू नयेत. आपल्या अंगणात अशी कोणती विभागणी आहे, जी परक्या चौकटीपेक्षा आपल्या गोष्टीला अधिक साजेल, हा त्यांचा प्रश्न उचलावा.

६

हा वाद आता केवळ सौंदर्यशास्त्राचा राहिलेला नाही. २०२२ पासून शब्दांवरून चित्रे तयार करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. अशा यंत्रांच्या शिक्षणासाठी वापरल्या गेलेल्या एका सर्वज्ञात संचात सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांची नोंद होती. त्यांत जिवंत बोधचित्रकारांची असंख्य चित्रे होती आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागितली गेली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या चित्रकर्त्यांनी अमेरिकेत अशा कंपन्यांविरुद्ध दावा दाखल केला. मार्च २०२५ मध्ये जपानच्या घिबली स्टुडिओच्या हाताने रेखाटलेल्या चित्रपटांची धाटणी आपल्या कौटुंबिक छायाचित्रांना चढविण्याची लाट आली आणि तीत आपणही उत्साहाने सामील झालो.

या यंत्रांच्या बाजूने केला जाणारा प्रमुख युक्तिवाद असा : मानवी चित्रकारही हजारो चित्रे पाहतो, त्यांपासून प्रेरणा घेतो आणि नवे चित्र काढतो, यंत्रही तेच करते. या युक्तिवादाने आपले कलावर्तुळ संतप्त झाले. पण संतापण्यापूर्वी आपण हे पाहावयास हवे की, हा युक्तिवाद आपल्याच शब्दांत केलेला आहे. भरपूर चित्रे पाहणे, त्यांचे दिसणे आत्मसात करणे आणि त्यासारखे दुसरे दिसणे निर्माण करणे, एवढाच जर प्रेरणेचा अर्थ असेल, तर यंत्र हे आपल्यापेक्षा अधिक प्रेरित आहे, हे मान्य करावे लागेल. त्याचे निगूहनही राजशेखराला थक्क करील इतके परिपूर्ण आहे. यंत्राला नाकारण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर प्रेरणेची आपली सैल कल्पना आधी टाकून द्यावी लागेल. ती ठेवून यंत्राचा निषेध करणे हा वदतोव्याघात आहे.

७

मग तिच्या जागी काय? एक साधे उदाहरण घेऊ. सरवटे आणि त्यांच्या पिढीचे बोधचित्रकार ज्या काळात उमेदवारी करीत होते, त्या काळी रेखाचित्रांची छपाई लाइन ब्लॉकवरून होत असे. लाइन ब्लॉकला करडा रंग कळत नाही. त्याला काळे कळते आणि कोरे कळते. छाया दाखवावयाची तर रेघांचे जाळे विणावे लागे किंवा भाग सरळ काळा भरावा लागे. आज आपल्याला जी रेषेची मितव्ययी, ठाम ‘शैली’ वाटते, तिच्यामागे अशा अडचणींशी केलेली तडजोड आहे. छापखाना, कागदाचा दर्जा, कथेने अडवून ठेवलेली जागा, संपादकाने दिलेली मुदत यांतून ती रेषा घडली. आजचा विद्यार्थी ती रेषा उचलतो. तिच्यासमोर उभी असलेली अडचण त्याला ठाऊक नसते, म्हणून ती त्याच्या हातात लकब बनते. ज्याला अडचण समजली तो मात्र स्वतःच्या माध्यमाची अडचण शोधू लागेल, आणि त्याची रेषा वेगळी होईल. तेव्हा ती तुल्यदेही असेल.

म्हणून समीक्षेकडून तीन अपेक्षा आहेत. पहिली, नाव : कोणाचे चित्र, कोणत्या अंकातील, कोणत्या मजकुरासाठी काढलेले, याची नोंद वाङ्मयीन नियतकालिकांच्या सूचीत झाली पाहिजे. विद्यापीठांतून नियतकालिकांच्या अभ्यासावर प्रबंध लिहिले जातात. त्यांत चित्रांची सूची का नसावी? दुसरी, मागणी : चित्र कोणत्या गरजेतून आणि कोणत्या तांत्रिक मर्यादेत निर्माण झाले, हे चित्राच्या अर्थाचे अंग म्हणून वाचले पाहिजे. तिसरी, रूपांतर : घेणाऱ्याने घेतलेल्या गोष्टीवर कोणते काम केले, हे दाखविल्यावाचून ‘प्रेरणा’ हा शब्द समीक्षालेखात वापरू नये. वाङ्मयात एका कवीचा दुसऱ्यावरील प्रभाव दाखविताना आपण ओळीला ओळ लावून दाखवितो. चित्राच्या बाबतीत तेवढी शिस्त पाळणे अशक्य नाही. फक्त ती पाळण्याजोगी वस्तू बोधचित्र आहे, हे आधी मान्य करावे लागेल.

धुरंधरांनी ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ लिहून एका कलाशाळेचा इतिहास मराठीत ठेवला, म्हणून तो आज आपल्याला वाचता येतो. दिवाळी अंकांच्या पानांतून घडलेल्या दुसऱ्या एका कलाशाळेचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाही. तिला इमारत नव्हती, प्राचार्य नव्हते आणि पदवीही नव्हती. विद्यार्थी मात्र प्रत्येक वाचनालयात होते. तिची पाठ्यपुस्तके दरवर्षी किलोच्या भावाने विकली जात आहेत. प्रेरणेविषयी आणखी एक परिसंवाद भरविण्यापूर्वी त्यांतील काही वाचविता आली, तर समीक्षेचे ऋण थोडे तरी फिटेल.